वारसा आणि बोजा

मनुष्याला स्वतःच्या पापाची क्षमा मागता येते. दुसऱ्याने केलेल्या पापाची क्षमा त्याला मागता येते काय? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकत असताना हा प्रश्न आम्ही परीक्षेत सोडवला होता आणि त्यात आम्हांला चांगले गुणही मिळाले होते. तोच प्रश्न पुन्हा भेटला तो २०२४ सालच्या जुलै महिन्यात, कॅनडातील एका महामार्गाच्या कडेला, आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून. या वेळी मात्र आम्ही नापास झालो.

आमचा भाचा कुटुंबासह व्हँकूवर येथे राहतो. 'फादरमामा, विमानातून हा देश दिसत नाही, गाडीनेच जाऊ या,' असा त्याचा आग्रह होता. त्याप्रमाणे तो, भाचेसून, त्यांची मुलगी आणि आम्ही असे चौघे निघालो. पश्चिमेचे पर्वत ओलांडायचे आणि पुढे प्रेअरी नावाच्या अफाट सपाट प्रदेशातून रेजायना शहर गाठायचे, असा सुमारे १७०० किलोमीटरचा बेत होता. उन्हाळ्यात तेथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. दिवस कसा संपवावा हे कळत नाही.

पहिला मुक्काम कॅम्लूप्सला झाला. थॉम्प्सन नदीचे दोन प्रवाह येथे एकत्र येतात. नदीकाठी लाल विटांची एक जुनी, भव्य इमारत उभी आहे. ही मूलनिवासींच्या मुलांसाठी चालवलेली निवासी शाळा. १८९० साली ती सुरू झाली, १९६९ पर्यंत तिचा कारभार कॅथलिक ख्रिस्तसभेच्या हाती होता आणि १९७८ साली ती बंद पडली. २०२१ च्या मे महिन्यात तेथील सेक्वेपेम्क लोकांनी जाहीर केले, की भूगर्भ तपासणाऱ्या रडारला या आवारात सुमारे दोनशे संभाव्य कबरींच्या खुणा आढळल्या आहेत. त्या बातमीने साऱ्या देशाला हादरा बसला.

आमच्या नातीला हे सारे शाळेत शिकवलेले होते. दर वर्षी ३० सप्टेंबरच्या सुमारास तेथील मुले या शाळांच्या स्मरणार्थ नारिंगी सदरा घालतात. कुंपणाजवळ उभी राहून तिने विचारले, 'फादर आजोबा, इथले फादर तुमच्यासारखेच होते ना?'

आमच्या तोंडून चटकन उत्तर गेले, 'नाही बाळा, ते दुसरे फादर होते. फार पूर्वीचे.' ती गप्प झाली. लहान मूल गप्प झाले म्हणजे त्याचे समाधान झाले, असा आम्हां मोठ्यांचा समज असतो.

दुसऱ्या दिवशी रस्ता पूर्वेकडे चढू लागला. रेव्हलस्टोकच्या पुढे सेलकर्क पर्वतरांग आहे आणि तिच्यात १३३० मीटर उंचीवर रॉजर्स खिंड आहे. भर जुलैत शिखरांवर बर्फ, खाली देवदारांची काळीभोर अरण्ये आणि निळसर पांढऱ्या पाण्याचे लोंढे. कोणाही श्रद्धावंताच्या ओठी स्तोत्र यावे असे ते दृश्य होते. पण भाच्याने त्या खिंडीचा इतिहासही सांगितला. १८८५ साली येथून रेल्वे गेली. १९१० च्या मार्चमध्ये रुळांवरचे बर्फ उपसत असताना हिमकडा कोसळला आणि ५८ कामगार एका रात्रीत गाडले गेले. त्यांतले ३२ जण जपानी मजूर होते. पुढे मोटारींचा महामार्ग १९६२ साली खुला झाला. आज हिवाळ्यात साचलेले बर्फ सैन्याच्या तोफा डागून आधीच पाडले जाते, म्हणून प्रवासी सुखरूप जातात.

आम्ही आरामात बसून तो रस्ता कापत होतो. त्याचा एक दगडही आम्ही रचलेला नव्हता, तरी तो आमच्यासाठी होता. मेलेल्यांच्या कष्टाचे फळ आपण असे विनासायास घेतो आणि त्याला वारसा म्हणतो. मग त्यांच्या अपराधांचे काय, हा विचार तेथेच मनात शिरला.

सेमिनरीतले आमचे उत्तर असे होते: पाप ही व्यक्तीच्या इच्छाशक्तीची कृती आहे, म्हणून दोष तिच्यापुरताच राहतो. यहेज्केल संदेष्टा स्पष्टच सांगतो, की बापाच्या अधर्माचा भार मुलावर पडत नाही. प्रायश्चित्त संस्कारातही आपण आपलीच पापे सांगतो. शेजाऱ्याची सांगू लागलो, तर पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरू आपल्याला थांबवतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. त्याच पवित्र शास्त्रात नहेम्या आणि दानीएल हेही आहेत. पूर्वजांच्या अपराधांसाठी देवापुढे गुडघे टेकताना हे दोघेही नीतिमान पुरुष 'त्यांनी' न म्हणता 'आम्ही' म्हणतात.

हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते? आमच्या वसईतील वाडीवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. बापाच्या पश्चात वाडी मुलाच्या नावावर होते, तेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कर्जाचा बोजा असला, तर तोही वाडीबरोबरच येतो. कर्ज मुलाने काढलेले नसते, त्याबद्दल गावात त्याला कोणी उधळ्या म्हणत नाही. पण माडाचे नारळ मी उतरवीन आणि बोजा मात्र बापाचा, असे त्याला म्हणता येत नाही. दोष एकाचा असतो आणि देणे वारसाकडे येते.

आणि आपण तर वारसा किती अभिमानाने सांगतो! संत गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, १५९७ साली नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाले. आपण त्यांना 'आमचे' संत म्हणतो. त्यांच्या क्रुसाचा एकही खिळा आपल्याला टोचलेला नाही, तरी त्यांचे पुण्य आपले. संतजनांच्या ऐक्यावर आपली श्रद्धा आहे, म्हणून हे योग्यच आहे. परंतु चारशे वर्षांपूर्वीचा हुतात्मा आमचा आणि पन्नास वर्षांपूर्वी मुलांना छळणारा धर्मगुरू 'दुसरा', ही विभागणी प्रामाणिक नव्हे. कॅम्लूप्सच्या कुंपणापाशी आम्ही नेमकी हीच विभागणी केली होती.

यावर सुज्ञ वाचक म्हणतील, की त्या काळातील मिशनऱ्यांना आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. फादर अल्बेर लाकोंब यांच्यासारख्यांनी क्री लोकांत आयुष्य घालवले आणि त्यांच्या भाषेचा शब्दकोश व व्याकरण १८७४ साली प्रसिद्ध केले. द्वेष करणारा माणूस असे काम करीत नाही. पण 'तो काळच तसा होता' ही सबब पुरती टिकत नाही. डॉ. पीटर ब्राइस या सरकारी आरोग्य अधिकाऱ्याने १९०७ सालीच लिहून ठेवले होते, की या शाळांत क्षयाने मुले भयावह प्रमाणात दगावत आहेत. त्याचे कोणी ऐकले नाही. उलट १९२० साली कायदा कडक करून मुलांना पाठवणे आईबापांवर सक्तीचे करण्यात आले. त्याच काळातला एक माणूस ओरडून सांगत होता, त्याअर्थी काळाला डोळे होते.

या शाळा शंभर वर्षांहून अधिक काळ चालल्या. दीड लाखाहून अधिक मुले त्यांतून गेली. निम्म्याहून अधिक शाळा कॅथलिक संस्थांनी चालवल्या. सत्य आणि समेट आयोगाने २०१५ सालच्या आपल्या अहवालात तीन हजारांहून अधिक मुलांच्या मृत्यूंची नोंद केली. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस आजारी गुडघ्याने चाकांच्या खुर्चीतून आल्बर्टा प्रांतातील मास्क्वाचीस येथे गेले आणि त्यांनी मूलनिवासींची क्षमा मागितली. त्याआधी १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकाळातील पापांसाठी संत पेत्राच्या महामंदिरात देवाची क्षमा मागितली होती. या दोघांनीही त्या पापांतले एकही केले नव्हते.

कॅलगरी मागे पडले आणि पर्वत संपले. प्रेअरी सुरू झाली. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत गहू आणि मोहरीसारखी पिवळीधमक फुललेली कनोला, मधूनच धान्याचे उंच कोठार, आणि वर आभाळच आभाळ. येथे एके काळी गव्यासारखे दिसणारे कोट्यवधी बायसन चरत असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते जवळजवळ नामशेष झाले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या लोकांवर उपासमारीची पाळी आली. डोंगरात डोळ्यांना सतत काही नवे दिसते, त्यामुळे मनाला लपायला जागा मिळते. या सरळ रस्त्यावर तशी जागा नाही. तेथेच आम्हांला एक मुलगा आठवला.

धर्मगुरू झाल्यावर सुरुवातीच्या वर्षांत एका आदिवासी वसतिगृहाची जबाबदारी आमच्याकडे होती. मुले आईबापांच्या इच्छेने येत, सुट्टीत घरी जात, पोटभर जेवत. कॅनडाच्या शाळांशी त्याची बरोबरी होऊ शकत नाही, आणि तशी ती करणे तेथे सोसलेल्यांचा अपमान ठरेल. पण 'येथे शुद्ध मराठीच बोलायचे' हा नियम आमचा होता. एका संध्याकाळी एक मुलगा रडणाऱ्या धाकट्या भावाची समजूत वारली बोलीत घालत होता. आम्ही त्याचा खेळ बंद केला आणि प्रार्थनेची घंटा होईपर्यंत त्याला व्हरांड्यात उभे केले. 'ही भाषा माणसांत चालत नाही,' असे आम्ही त्याला म्हणालो. वास्तविक आमची आई आमच्याशी कादोडीत बोलत असे, आणि तिच्यावरून शाळेत आम्हांलाही हसलेले होते. आम्हांला मिळालेला अपमान आम्ही शिस्त म्हणून पुढे दिला.

म्हणजे 'ते दुसरे फादर होते' हे उत्तर आम्ही घाईने का दिले, ते प्रेअरीत कळले. मेलेल्यांच्या पापाची क्षमा मागणे सोपे असते, कारण तिची किंमत आपल्याला द्यावी लागत नाही. ते पाप पाहताना आपल्या पापाची ओळख पटते, तेव्हा मात्र किंमत सुरू होते. कदाचित पूर्वजांसाठी क्षमा मागण्याचे खरे प्रयोजन तेच असावे. त्यांच्या चुकीचे बीज आपल्या हातात आहे की नाही, हे पाहण्यासाठी मूठ उघडणे.

रेजायनाच्या ईशान्येला क्वापेल नावाचे खोरे आहे. 'कोण हाक मारतो?' असा त्या फ्रेंच नावाचा अर्थ. तेथे सरोवराकाठी लेब्रेट नावाचे गाव आहे. दगडी चर्च, मागे टेकडी, टेकडीवर चढत जाणारी क्रुसाची वाट आणि माथ्यावर पांढरे छोटे प्रार्थनामंदिर. १८८४ साली येथेही निवासी शाळा सुरू झाली. ती अगदी १९९८ साली बंद पडली. शाळेच्या परिसरात लहान मुलाच्या जबड्याच्या हाडाचा सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीचा तुकडा सापडल्याचे स्टार ब्लँकेट क्री लोकांनी २०२३ च्या जानेवारीत जाहीर केले.

टेकडीच्या पायथ्याशी एक वयस्कर मूलनिवासी बाई बसल्या होत्या. आम्ही साध्या कपड्यांत होतो. कोठून आलात, काय करता, असे त्यांनी सहज विचारले. 'शिक्षक आहे' म्हणावे, असे क्षणभर मनात आले. तेही खोटे ठरले नसते. पण नात बाजूला उभी होती. आम्ही धर्मगुरू असल्याचे सांगितले. बाई बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, 'मग थोडा वेळ इथे थांबा. बोलू नका, नुसते थांबा.' आम्ही थांबलो. तीस वर्षे प्रवचने देणाऱ्या माणसाला ते सोपे गेले नाही.

परतताना नातीला म्हटले, 'परवाचं उत्तर चुकलं, बाळा. ते फादर आपलेच होते.' तिने मान हलवली आणि विचारले, 'मग आता?'

आमच्या सर्व नीतिशास्त्राचा हा शेवटचा धडा होता. पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांच्यानंतर भरपाई येते. जक्कय नुसता रडला नाही, त्याने चौपट परत देण्याचे वचन दिले.

घरी परतल्यावर आम्ही त्या मुलाचा शोध काढला. आता तो चाळिशीजवळ आला आहे, पालघरजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो. त्याने आम्हांला चहा दिला. तो व्हरांडा त्यालाही आठवत होता. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला, 'राहू द्या, फादर. मराठी आली म्हणून नोकरी लागली. पण माझी पोरं वारली बोलत नाहीत. मीच त्यांना शिकवली नाही. गावी त्यांची आजी बोलते, ती त्यांना कळत नाही.' ती क्षमा होती की केवळ पाहुण्याची मर्यादा, हे आम्हांला समजले नाही. विचारण्याचा आम्हांला अधिकारही नव्हता.

चौपट भरपाई आमच्या हाती नाही. त्या वसतिगृहाच्या आजच्या चालकांना मात्र आम्ही विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. आता दर रविवारी गावातली एक आजी येते आणि मुलांना त्यांच्या बोलीत गोष्टी सांगते. पहिल्या रविवारी आम्ही मागच्या बाकावर बसून ऐकले. अर्धे कळले, अर्धे कळले नाही. मुले हसत होती. आपली मुले घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतात काय, आणि आपल्या वाडीत कामाला येणाऱ्या माणसांच्या बोलीला आपण काय म्हणतो, हे वाचकांनी एकदा जेवणाच्या वेळी घरात विचारून पाहावे. बोजा उताऱ्यावर असतो, पण तो वाचायला उतारा हातात घ्यावा लागतो.