झेंडू कुठला?

सकाळी इष्टलिंग तळहातावर घेतलं की बेलाच्या पानाबरोबर मला तुंब्याचं फूल लागतं. ही सवय आईची. घरात आम्ही त्याला कन्नडात तुंबे म्हणतो. पूर्वी सोलापूरजवळच्या आमच्या होटगीत ते शोधावं लागत नसे. पाऊस ओसरला की बांधावर, रुळांच्या कडेला आपोआप दिसायचं. आता बांधावर तणनाशक मारतात. म्हणून रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आमच्या कॉलनीच्या बागेचा मागचा कोपरा मी मागून घेतला.

तिथे तरवड लावला. त्याचं बी फार कडक. वाळूत चोळून रात्रभर पाण्यात भिजवलं, तेव्हा कुठे उगवलं. बाकी शंखपुष्पी, कुर्डू, पिवळी तिळवण, तुंबा यांच्यासाठी मी खुरपं आवरलं, एवढंच. गणपतीच्या पत्रीतल्या दुर्वा, माका, आघाडा, धोतरा हेही शेतात तण म्हणून उपटलं जाणारंच. रुई मुद्दाम राखली. काळ्या काठाचं केशरी फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालतं. अळ्या रुईचा विषारी चीक पचवतात आणि पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत.

श्रावणात कॉलनीतली मुलं घेऊन आम्ही गाजर गवत काढायला बसलो. फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून. नाहीतर अंगाला खाज सुटते. पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, ‘अज्जा, हे का उपटायचं?’

‘बाहेरचं आहे बाळ. अमेरिकेकडून आलंय. आपल्याकडे १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा दिसलं.’

‘आणि झेंडू?’

झेंडूही मेक्सिकोकडचाच. दसऱ्याला तो आपल्या दारावर असतो, देवाच्या गळ्यात असतो. मला उत्तर सुचलं नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. माणसाची जात विचारू नका, असं सांगणाऱ्या बसवण्णांना मानणारं आमचं घर. मंगळवेढ्यात ते राहिले, म्हणजे आमच्याच जिल्ह्यात. बसवकल्याणात हरळय्या चर्मकार आणि मधुवरस ब्राह्मण, दोघांनी आपल्या मुलांचं लग्न लावलं आणि त्यापायी जीव गमावला. मी हौसेनं लावलेल्या तरवडाच्या सालीनं कातडं कमावतात, हे त्या रात्री आठवलं. आणि मी त्या पोरीला सांगत होतो की हे इथलं नाही, म्हणून उपटायचं. झाड आणि माणूस एक नाहीत, हे मलाही कळतं. पण मुलं शब्द उचलतात आणि तोच शब्द पुढे माणसांना लावतात.

पुढच्या रविवारी तिला हात धरून नेलं. गाजर गवताच्या दाट पट्ट्याखाली बोटांनी माती उकरून दाखवली. दुसरा एक कोंब नव्हता. त्याच्या मुळा-पानांतलं द्रव्य मातीत उतरतं आणि शेजाऱ्याचं बी रुजू देत नाही; गुरंही तोंड लावत नाहीत. झेंडू मात्र पेरला तिथे उभा राहतो, मधमाशी येते, हंगाम संपला की वाळून जातो. गाजर गवताच्या एका पानावर तिला पट्ट्यापट्ट्यांचा भुंगेरा सापडला. तोही मेक्सिकोचा, हे गवत खावं म्हणून १९८४ साली बंगळुरूकडे सोडलेला. ‘बाहेरचं’ हा माझा शब्द चुकला होता, तसं मी तिला सांगितलं. उपटायचं ते दुसऱ्याला जागा देत नाही म्हणून.

तिनं विचार केला. ‘पण तो त्याचा स्वभाव आहे ना, अज्जा? मग त्याचा काय दोष?’

सोलापुरात सिद्धराम तळं खोदत होते, तेव्हा अल्लमप्रभूंनी येऊन त्यांच्याशी वाद घातला, ही कथा ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात आहे. तळं चांगलंच होतं. प्रश्न ‘मी खोदतोय’ या भावनेचा होता. त्या मुलीचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो. गवताचा दोष नाही, हे मी मान्य केलं. तरी उपटावं लागेल, हेही सांगितलं. तेव्हापासून ते उपटताना त्याला नाव ठेवत नाही.

तुंब्याचं मात्र एक बदललं. चौकोनी दांड्याभोवती हिरवा गोंडा असतो, त्यात ही फुलं बसलेली. खालची पाकळी मोठी, जिभेसारखी. पूर्वी मी चिमटीनं खुडायचो. आता गोंड्याखाली तळहात धरतो आणि दांडा हलकेच हलवतो. दोन-तीन फुलं सुटून पडतात. तेवढीच घरी नेतो.