पायांखालची पंढरी

वारीत आपण मुखाने देवाचे नाम घेतो. पण ज्या भूमीवरून आपण चालतो, तिलाही नामे आहेत. ती आपण कधी कान देऊन ऐकली आहेत का?

दिंडीरवन हे नाव घ्या. रुक्मिणीमाता रुसून द्वारकेहून येथे आली आणि देव तिला शोधत आले, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. आज तेथे लखुबाईचे देऊळ आहे, पण वन राहिलेले नाही. झाडे गेली तरी नावाने त्यांची आठवण धरून ठेवली. तेथून गोपाळपूरला जा. देवाने येथे गाई चारल्या, असे आपण मानतो आणि आषाढी पौर्णिमेचा काला येथेच करतो. विष्णुपदाच्या खडकावर देवाच्या पावलांशेजारी गाईंचे खूरही दाखवतात. वन, गाई, गोपाळ, काला ही सगळी एकाच जीवनाची खूण आहे. भीमेकाठचा हा कमी पावसाचा मुलूख पूर्वीपासून गुरेमेंढरे राखणाऱ्यांचा. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात विठ्ठलाच्या उपासनेचे मूळ गवळी-धनगरांच्या जीवनात शोधले, ते अशाच खुणांच्या आधाराने.

येथे कोणी भाविक विचारील, ‘असा शोध घेतल्याने भाव उणा होत नाही का?’ प्रश्न खरा आहे, तो टाळू नये. कथा आणि शिलालेख यांची कामे वेगळी आहेत. शिलालेख साल सांगतो, दानाचा हिशेब सांगतो. माता का रुसली, हे तो सांगत नाही. कथा रुसवा सांगते, साल सांगत नाही. एकीला खोटे ठरवून दुसऱ्याला मोठे करण्याचे कारणच काय?

देवळातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख पाहा. या शिळेला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने पिढ्यान् पिढ्या वारकऱ्यांनी तिला पाठ लावली. तिच्यावर कोरले आहे ते शके 1195 ते 1199 या काळात, रामदेवराव यादवाच्या राज्यात, देवळासाठी अनेकांनी दिलेले दान. म्हणजे ज्या दगडाला आपण मुक्तीसाठी टेकलो, तो आपल्याआधी येथे येऊन यथाशक्ती देऊन गेलेल्या भक्तांची नोंदवही आहे. हे कळल्यावर भाव उणा होतो, की त्या अनोळखी पूर्वजांपुढेही हात जोडले जातात?

पण भूमी केवळ गोडच बोलते असे नाही. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीखाली ते गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या नामदेवरायांनी येथे आणल्या, ही कथा ऐकून आपले डोळे भरतात. आता समाधीची जागा पाहा. ती दाराबाहेर आहे. चोखोबांना जिवंतपणी या दाराच्या आत जाऊ दिले नाही, हे ती जागा रोज सांगते. त्यांच्या बांधवांसाठी ते दार उघडले ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मधली सहाशे वर्षे आपण नाम घेत होतो, आणि दार बंदच होते. कथेने आपल्याला रडवले, जागेने जाब विचारला. दोन्ही ऐकल्याशिवाय चोखोबांचे दर्शन पुरे होत नाही.

म्हणून माउली, जुनी जागा जपणे हा नुसता हौसेचा विषय नाही. खरे बोलणे हे वारकऱ्याचे व्रत आहे, आणि भूमीची साक्ष पुसणे हाही असत्याचाच एक प्रकार. वाटेवरच्या गावात शेंदूर फासलेला वीरगळ दिसला तर जरा थांबा. गाईंच्या रक्षणासाठी पडलेल्या कोण्या वीराचा तो असेल. त्यावर रंगाचा आणखी एक थर चढवू नका. मुक्कामाच्या गावी म्हाताऱ्या माणसांना ओढ्याचे, माळाचे, पाराचे जुने नाव विचारा आणि ते मुलांना सांगा. रस्ते रुंद होतील, पार जातील. नाव जिभेवर राहिले तर निदान साक्ष राहील.

देव विटेवर उभा आहे. ती वीट ज्या मातीवर टेकली आहे, तिचेही ऐकू या.

रामकृष्णहरी.