कडक नियम चालतील, बेभरवशाचे नकोत

३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली. लॅपटॉप, टॅबलेट आणि तत्सम संगणकांच्या आयातीला यापुढे परवाना लागेल आणि हा नियम तत्काळ लागू, असे तीत म्हटले होते. दिवाळीच्या विक्रीसाठी मालाची जुळवाजुळव सुरू होण्याचे ते दिवस होते. बाजारात एकच धावपळ उडाली. दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेत अंमलबजावणी ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली. ऑक्टोबरमध्ये या परवान्याचे रूपांतर ‘आयात व्यवस्थापन प्रणाली’त झाले. ऑनलाइन अर्ज करायचा, आयातीचा तपशील द्यायचा आणि मंजुरी घ्यायची, एवढेच त्यात उरले.

सरकारचा हेतू गैर होता असे म्हणता येणार नाही. संगणक कुठून येतात, त्यांत काय बसवलेले असते, हा सुरक्षेचा प्रश्न आहेच. त्याच वर्षी मे महिन्यात संगणक देशात तयार व्हावेत म्हणून १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली होती. तिच्याशी सुसंगत आयात धोरण आखण्यातही काही वावगे नव्हते. पण जी प्रणाली ऑक्टोबरमध्ये आणता आली, ती जुलैमध्ये मसुदा म्हणून लोकांसमोर ठेवता आली नसती का? एका दिवसात फिरवावा लागणारा नियम कडक असतो असे कुणी म्हणणार नाही. तो पुरेशा विचाराविना काढलेला असतो, एवढेच त्यातून दिसते.

डिजिटल व्यापार आणि गुंतवणुकीतील अडथळ्यांची चर्चा आपल्याकडे ठरलेल्या दोन सुरांत चालते. अमेरिकेचा व्यापार प्रतिनिधी दरवर्षी देशोदेशींच्या अडथळ्यांचा अहवाल काढतो. त्यात भारताचे प्रकरण ऐसपैस असते आणि विदा (डेटा) देशातच साठवण्याची सक्ती, डिजिटल कर, ई-कॉमर्समधील गुंतवणुकीवरील बंधने यांची यादी त्यात सापडत आली आहे. यावर आपल्याकडचा ठरलेला प्रतिसाद असा की, बड्या परदेशी कंपन्यांना मोकळे रान हवे आहे आणि भारत ते देणार नाही. हा प्रतिसाद सर्वस्वी चुकीचा नाही. विदाचा प्रवाह निर्वेध असावा असा आग्रह जागतिक व्यापार संघटनेत वर्षानुवर्षे धरणाऱ्या अमेरिकेनेच ऑक्टोबर २०२३ मध्ये तो आग्रह सोडला. कारण घरच्या महाकंपन्यांवर नियम घालण्याची मुभा तिलाही हवी होती. युरोपीय संघाचा विदा-संरक्षण कायदा तर आपल्यापेक्षा जुना आणि जाचक आहे. तेव्हा नियम असणे हाच गुन्हा, असे मानण्याचे कारण नाही.

मात्र हे दोन्ही सूर नियमाची फक्त कडकाई मोजतात. तो किती टिकतो, कशाच्या आधारावर उभा आहे आणि पाळणाऱ्याला आधी कळतो की नाही, याची मोजदाद कुणी करत नाही. माझ्या मते भारताचा खरा अडथळा तिथे आहे.

याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. इंटरनेटच्या काही निवडक सेवा फुकट आणि बाकीच्यांना पैसे, अशी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना आठवत असेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०१५ मध्ये या भेदभावाच्या दरांवर विचारार्थ टिपण काढले. लाखो लोकांनी मते कळवली. फेसबुकने पानपानभर जाहिराती देऊन आपली बाजू मांडली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम जाहीर केला आणि कारणमीमांसाही जोडली. असे दर लावता येणार नाहीत, विषय संपला. जगातल्या एका बलाढ्य कंपनीला इतके स्पष्ट ‘नाही’ क्वचितच कुणी ऐकवले असेल. या निर्णयामुळे फेसबुकने भारताकडे पाठ फिरवली का? एप्रिल २०२० मध्ये याच कंपनीने जिओ प्लॅटफॉर्म्समधील ९.९९ टक्के हिश्श्यासाठी ४३,५७४ कोटी रुपये मोजले. ‘नाही’ का म्हटले हे लेखी आणि ठाम कळले, की पैसा लावणारा त्या ‘नाही’भोवती आपला हिशेब मांडू शकतो.

आता याच्या शेजारी रिझर्व्ह बँकेचे ६ एप्रिल २०१८ चे परिपत्रक ठेवून पाहा. देयक व्यवस्थांचा सगळा विदा केवळ भारतात साठवावा, मुदत सहा महिने, असा त्याचा आशय. देखरेखीसाठी नियामकाला विदा हाताशी हवा, ही भूमिका रास्तच. पण परिपत्रक छोटेखानी होते आणि मोठे प्रश्न त्यात मोकळेच राहिले होते. व्यवहाराची प्रक्रिया परदेशातील संगणकावर झाली तर चालेल का? व्यवहाराचे एक टोक परदेशात असेल तर त्याची प्रत तिकडे ठेवता येईल का? याचा खुलासा प्रश्नोत्तरांच्या रूपाने आला तो जून २०१९ मध्ये. प्रक्रिया बाहेर करता येईल, पण तिथला विदा पुसून एका कामकाजाच्या दिवसात किंवा २४ तासांत, यांपैकी जे आधी असेल त्या मुदतीत, भारतात आणावा लागेल, असे त्यात सांगितले होते. म्हणजे पालनाची मुदत ऑक्टोबर २०१८ मध्ये संपली आणि नेमके काय पाळायचे ते त्यानंतर आठ महिन्यांनी कळले. पुढे जुलै २०२१ मध्ये नियम न पाळल्याबद्दल मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली, ती जून २०२२ मध्ये उठली. मास्टरकार्ड त्यातून सावरले. ज्या भारतीय बँकांची कार्डे त्या जाळ्यावर होती, त्यांना मात्र घाईघाईने दुसरे जाळे शोधावे लागले.

ई-कॉमर्सची गोष्ट याहून बोलकी आहे. परदेशी भांडवल असलेल्या कंपनीने बाजारपेठ चालवावी, पण स्वतःचा माल विकू नये, हे आपले जुने सूत्र. किराणा आणि किरकोळ व्यापाऱ्यांना संरक्षण हा त्यामागचा हेतू. २०१८ च्या मे महिन्यात वॉलमार्टने फ्लिपकार्टमधील सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला. व्यवहार पार पडला आणि २६ डिसेंबर २०१८ रोजी परदेशी गुंतवणुकीच्या नियमांची ‘प्रेस नोट २’ सरकारकडून आली. बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीचा ज्या विक्रेत्यात हिस्सा आहे त्याने त्या बाजारपेठेवर विकायचे नाही, अंमल १ फेब्रुवारी २०१९ पासून. हातात पाच आठवडे. ॲमेझॉनवरून हजारो वस्तू रातोरात गायब झाल्या. मग भागीदारीची टक्केवारी खाली आणली गेली आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू परतल्या. जानेवारी २०२० मध्ये स्पर्धा आयोगाला मर्जीतल्या विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या तक्रारीवरून ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांचीही चौकशी लावावी लागली. नियमाचे उद्दिष्ट साधले असते तर ही वेळ आली नसती. आणि राष्ट्रीय ई-कॉमर्स धोरण? त्याचा मसुदा फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, पण वर्षे उलटली तरी अंतिम धोरणाचा पत्ता नव्हता.

बड्या कंपन्या अशा झटक्यांतून निभावून जातात. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, दिल्लीत कार्यालय असते, कंपनीची रचना महिनाभरात बदलण्याची ऐपत असते. मोठ्यांना आवरण्यासाठी घातलेले कुंपण धाकट्यांच्याच आड येते, ते असे. कोल्हापुरातल्या एखाद्या बचत गटाचे उदाहरण घ्या. हा गट कांदा-लसूण मसाला दुकानातून विकत असेल, तर वस्तूंच्या विक्रीवर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही. तोच मसाला ऑनलाइन बाजारपेठेवर ठेवला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली, पण फक्त राज्यातल्या विक्रीपुरती. म्हणजे बेळगावच्या गिऱ्हाईकाने महाद्वार रोडवर येऊन मसाल्याची पिशवी नेली तर हरकत नाही. त्याने तीच पिशवी मोबाईलवरून मागवली की राज्याची हद्द आडवी येते आणि नोंदणी, विवरणपत्रे, सल्लागाराची फी हे सगळे मागोमाग येते. इंटरनेटने हद्द पुसली म्हणून आपण ज्या व्यापाराचे कौतुक करतो, त्यात हद्दीची सर्वांत मोठी किंमत सर्वांत लहान विक्रेता मोजतो. या गटाचे गाऱ्हाणे अमेरिकेच्या अहवालात येत नाही आणि आपल्या सार्वभौमत्वाच्या भाषणांतही येत नाही.

नियम तडकाफडकी काढण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. तंत्रज्ञान वेगाने बदलते. आधी मसुदा दाखवला तर कंपन्या पळवाटा शोधून ठेवतात, आयातदार माल भरून ठेवतात, आणि सल्लामसलतीत आवाज ऐकू येतो तो शेवटी पैसेवाल्यांचाच. यातले पहिले दोन मुद्दे काही प्रसंगी खरे आहेत. आणीबाणीच्या वेळी सरकारला तत्काळ पाऊल उचलता आलेच पाहिजे. पण विदासाठवण किंवा गुंतवणुकीची अट ही आणीबाणी नव्हे. तिसऱ्या मुद्द्याला ट्रायच्या अनुभवाने उत्तर दिले आहे. तिथे फेसबुकच्या जाहिरातींपुढे सामान्य वापरकर्ते उभे राहिले आणि त्यांची सरशी झाली. बंद दाराआड तीच चर्चा झाली असती तर आत कुणाला प्रवेश मिळाला असता, हे वेगळे सांगायला नको.

कारणे न देता केलेल्या नियमाचा आणखी एक तोटा आहे. असा नियम वाटाघाटीच्या टेबलावर टिकत नाही. परदेशी डिजिटल कंपन्यांवर आपण २०१६ मध्ये ऑनलाइन जाहिरातींसाठी ६ टक्के आणि २०२० मध्ये ई-कॉमर्ससाठी २ टक्के समकारी कर लावला. जी कंपनी भारतात कमावते तिने भारतात कर भरावा, हे तत्त्व न्याय्य होते. परंतु २ टक्क्यांचा कर वित्त विधेयकात ऐन शेवटच्या टप्प्यावर, मूळ अर्थसंकल्पात नसताना घुसवला गेला. त्याची व्याप्ती किती, यावर पुढे वर्षभर काथ्याकूट चालला. अमेरिकेने चौकशी लावून जकातीची धमकी दिली. २ टक्क्यांचा कर ऑगस्ट २०२४ मध्ये गेला आणि ६ टक्क्यांचा एप्रिल २०२५ पासून, तोही अमेरिकेशी व्यापाराची बोलणी सुरू असताना. संसदेत चर्चा होऊन, हिशेब मांडून हा कर आला असता तर तो राखण्यासाठी आपल्या हाती दाखवण्याजोगे काही असते. सार्वभौमत्वाच्या नावाने केलेला नियम दुसऱ्याच्या दबावाखाली मागे घ्यावा लागतो, तेव्हा सार्वभौमत्वाचेच हसे होते.

सुधारणेची सुरुवात झाली आहे, हेही नोंदवले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये व्यापार धोरणातच तरतूद झाली की, त्यात बदल करण्यापूर्वी संबंधितांची मते मागवावीत. मे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतःवर बंधन घालून घेतले: नियमांचा मसुदा जाहीर करायचा, मतांसाठी किमान २१ दिवस द्यायचे आणि परिणामांचा विचारही करायचा. दोन्हींत अपवादाची मुभा आहे. ती किती वेळा वापरली जाते, यावर या सुधारणेचा कस लागेल. केंद्र सरकारचे कायद्यापूर्वी ३० दिवस मते मागवण्याचे धोरण तर २०१४ पासून कागदावर आहे, पण ते धाब्यावर बसवले तरी कुणाला जाब द्यावा लागत नाही.

तेव्हा मागणी मोठी नाही. परदेशी गुंतवणुकीच्या प्रेस नोटपासून मंत्रालयांच्या परिपत्रकांपर्यंत, डिजिटल व्यापाराला लागू होणाऱ्या प्रत्येक आदेशाला मसुदा, कारणे आणि ३० दिवस ही अट कायद्याने घालावी. तातडीचा अपवाद वापरला तर त्याचे कारण लेखी द्यावे आणि सहा महिन्यांत फेरविचार झाला नाही तर तो आदेश आपोआप संपावा. विदा भारतातच ठेवा, कर भरा, मर्जीतले विक्रेते पोसू नका, हे सगळे भारताने जगाला खुशाल सांगावे. फक्त ते आधी सांगावे, कारणासह सांगावे आणि मग त्यावर ठाम राहावे. आपल्या खासदारांनी ही अट कायद्यात आणण्यासाठी खासगी विधेयक तरी मांडावे. मतदार म्हणून तेवढे मागण्याचा हक्क आपल्याला आहे.