क्रमशः

'क्रमशः' या शब्दाशी मराठी घरांचा परिचय फार जुना आहे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून थोडी थोडी प्रसिद्ध होऊ लागली. पुढच्या अंकाची वाट पाहणे हा आपल्याकडे तेव्हापासून वाचनाचाच एक भाग होऊन बसला आहे. माझ्या लहानपणी घरी मासिके येत. वर्ष सरले की वडील बारा अंक बाइंडरकडे देत आणि पुठ्ठ्याच्या बांधणीत त्यांचे एक जाडजूड पुस्तक होऊन येई. त्या पुस्तकातही पानाच्या तळाशी 'क्रमशः' छापलेले असेच. परंतु त्या शब्दाचा धाक आता उरलेला नसे. चित्रकथेतला राजपुत्र दरीच्या काठाला लोंबकळत असला, तरी चार पाने उलटली की तो सुखरूप वर आलेला दिसे. ज्याच्यासाठी महिनाभर जीव टांगणीला लागला होता, त्याची अशी चटकन सुटका झाली म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. पण काही तरी हरवल्यासारखे वाटे. काय हरवले, हे त्या वयात सांगता आले नसते. ते यंदा एका अगदी निराळ्या चित्रकथेने मला सांगितले.

अमेरिकन चित्रकार आर्ट स्पीगलमन यांची ती चित्रकथा. नाव 'माऊस', जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ उंदीर. चित्रकाराचे वडील व्लादेक हे पोलंडमधले ज्यू व्यापारी. हिटलरच्या छळछावण्यांतून ते आणि त्यांची पत्नी आन्या कशी जगली वाचली, ही खरी हकीकत वडील सांगतात आणि मुलगा चितारतो. ज्यू उंदरांच्या रूपात, जर्मन मांजरांच्या. डिसेंबर १९८० पासून ती 'रॉ' या नियतकालिकातून एकेका प्रकरणाने येऊ लागली. पहिल्या सहा प्रकरणांचे पुस्तक १९८६ मध्ये निघाले, पुढच्या पाचांचे १९९१ मध्ये. १९९२ मध्ये तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले, आणि १९९६ मध्ये दोन्ही भाग एकाच पक्क्या बांधणीत आले.

मी पहिला भाग एका मैत्रिणीकडून मागून वाचला, त्याला बरीच वर्षे झाली. दुसरा भाग हाती यायला मध्ये तीन वर्षे गेली. यंदा उन्हाळ्याच्या सुटीत पक्क्या बांधणीची प्रत विकत घेतली आणि दोन बैठकींत वाचून काढली. चित्रे तीच, शब्दही तेच. तरी आपण दुसरेच पुस्तक वाचत आहोत, असे सारखे वाटत राहिले.

पहिल्या भागाच्या शेवटी एक भयंकर प्रसंग आहे. आन्याने आपले सारे अनुभव वह्यांतून लिहून ठेवले होते. मुलगा त्या वह्या परत परत मागतो. अखेर वडील कबूल करतात की तिने १९६८ मध्ये आत्महत्या केली, त्यानंतरच्या दुःखाच्या भरात त्यांनी त्या वह्या जाळून टाकल्या. मुलगा बापाला खुनी म्हणतो, आणि तिथेच पुस्तक मिटते. ज्याने १९८६ मध्ये ते पुस्तक घेतले, त्याला दुसऱ्या पुस्तकासाठी १९९१ पर्यंत थांबावे लागले. मी तीन वर्षे थांबले. त्या तीन वर्षांत व्लादेकची आठवण झाली की 'वह्या जाळणारा माणूस' एवढेच मला आठवे. रस्त्यात पडलेली तार उचलून खिशात घालणारा, पैशापैशाचा हिशेब करणारा, बायकोच्या वह्या जाळणारा म्हातारा! माझा निकाल लागून गेला होता.

पक्क्या बांधणीच्या प्रतीत मात्र तो निकाल टिकायला अवधीच मिळत नाही. थोडी पाने उलटली की म्हाताऱ्याचा निरोप येतो, आणि खुनी म्हणणारा तोच मुलगा त्याच्याकडे जायला निघतो. पुढे एका प्रकरणात हाच म्हातारा अर्धवट खाल्लेला खाऊचा डबा दुकानात परत करायला नेतो. लाजेने मुलगा आत जात नाही. वाचकालाही लाज वाटते. पण त्याच प्रकरणात डाखाउच्या छावणीची हकीकत आहे. तिथे अंगात उवा दिसल्या तर सूप मिळत नसे. व्लादेकने कसाबसा दुसरा सदरा मिळवला, धुतला, कागदात गुंडाळून जपला, आणि तपासणीच्या वेळी तो स्वच्छ सदरा दाखवून सूप मिळवले. कागदाचा तुकडा जपल्याने जो एकदा जगला, त्याने पुढे आयुष्यभर काहीच टाकून दिले नाही, तर त्याला नुसते कंजूष म्हणून कसे भागेल? सुटी प्रकरणे वाचताना निसटणारा हा धागा बांधणीत नजरेला येतो.

यावरून कोणी म्हणेल, मग संपूर्ण ग्रंथ वाचणेच न्यायाचे. सुटा अंक म्हणजे अन्याय. मीही क्षणभर तसे म्हणाले. परंतु लवकरच दुसरी गोष्ट ध्यानात आली आणि मी ओशाळले.

मार्च १९४४ मध्ये लपून राहिलेल्या व्लादेक-आन्याला हंगेरीत पळून जाण्याची वाट दिसते. तिकडे ज्यू अद्याप बरेच सुरक्षित आहेत असे ऐकिवात असते. आन्याचे मन घेत नाही. ओळखीचा एक तरुण आधी पुढे जातो. आपण खुशाल आहोत असे त्याचे पत्र येते. मग ही दोघे निघतात आणि वाटेतच पकडली जाऊन आउश्वित्झला पोचतात. ते पत्र त्या तरुणाकडून बळजबरीने लिहून घेतले होते, हे दुसऱ्या भागात कळते. आता ही पाने पुन्हा वाचताना मी काय करीत होते? व्लादेकवर रागावत होते! बायको सांगते आहे तरी ऐकत नाही. पत्रावर कोणी असा विश्वास ठेवते का? १९ मार्च १९४४ रोजी जर्मन फौजा हंगेरीतही शिरल्या, हे मी शाळेत शिकवणारी बाई, मला ठाऊक. त्याला ते कसे ठाऊक असावे? माझ्या डाव्या हाताखाली वाचलेली पाने होती आणि उजव्या हाताखाली उरलेली. त्याच्या उजव्या हाताखाली काहीच नव्हते.

लहानपणी त्या बांधलेल्या अंकांत जे हरवल्यासारखे वाटे, ते हेच. राजपुत्र दरीवर लोंबकळत असताना आपण वाचू की नाही, हे त्याला ठाऊक नसे. महिनाभर मलाही ठाऊक नसे. तेवढा काळ आम्ही दोघे बरोबरीचे होतो. बांधणीने मला त्याच्याहून शहाणे केले, आणि शहाणपणाबरोबर थोडे निष्ठुरही केले.

सबंध पुस्तक वाचले म्हणजे सारे क्षम्य ठरते, असे मात्र मला म्हणायचे नाही. जळलेल्या वह्या जळालेल्याच राहतात. जवळजवळ तीनशे पानांच्या त्या पुस्तकात आन्याची स्वतःची हकीकत तिच्या शब्दांत कुठेच नाही. वंशद्वेषाने ज्याचे सारे घर बुडाले, तोच व्लादेक अमेरिकेत एका काळ्या वाटसरूला गाडीत घेतले म्हणून संतापतो. हे पान सुटे वाचले तर वाईट वाटते. सबंध पुस्तकात वाचले तर अधिकच वाईट वाटते. संपूर्ण वाचनाने माणसाला सवलत मिळत नाही. तो जेवढा आहे तेवढा दिसतो, इतकेच.

दिवाळीच्या दिवसांत हा विषय कशाला, असे वाचक विचारतील. मला वाटते, याच दिवसांत तो हवा. दिवाळीला सारे घर एकत्र येते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याविषयीचे आपले जुने निकाल बरोबर घेऊन येतो. अमका काका चिक्कू, तमकी आत्या तिरसट! कोणत्या अंकाच्या शेवटी हे ठरले, ते कोणाला आठवत नाही. पुढचे अंक वाचायचे राहून गेलेले असतात.

मीही यातून सुटलेली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आठवीत एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो सारखा गैरहजर राहू लागला. आला तरी गृहपाठ नसे. विचारले की खाली मान घालून म्हणे, "विसरलो, बाई." वर्षाअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला : 'बेजबाबदार. सुधारणेची आशा नाही.' जूनमध्ये तो दाखला घेऊन निघून गेला. पुढे कधी तरी शाळेच्या शिपायाकडून कळले की त्या हिवाळ्यात त्याची आई अंथरुणाला खिळली होती, आणि दोन धाकट्या भावंडांचे जेवणखाण करून तो शाळेत येत असे. आज तो कुठे आहे, काय करतो, मला ठाऊक नाही. तो कोणी मोठा झाला असेल वा नसेलही. त्याने माझ्या चुकीत फरक पडत नाही. शेरा लिहिला तेव्हा मला आईचे आजारपण माहीत नव्हते, हा माझा दोष नव्हे. पण मला सारे माहीत आहे, अशा थाटात मी तो लिहिला, हा माझाच दोष. मला शेवट लिहिण्याचा अधिकार नव्हता. फार तर 'क्रमशः' लिहिण्याचा होता.

'माऊस'च्या अखेरच्या पानावर म्हातारा व्लादेक थकून आडवा होतो आणि समोरच्या मुलाला त्याच्या मरून गेलेल्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारतो. मुलगा ती चूक सुधारीत नाही. खाली थडग्यावर आईबापांची नावे आहेत. ते पान वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. खुनी हा शब्द मुलाने खोडलेला नाही. तो पहिल्या भागाच्या शेवटी अजून छापलेला आहे. पण त्याच्या पुढेही पाने आहेत, आणि ती लिहिण्यासाठी तो मुलगा वडिलांकडे पुन्हा गेला होता.

येत्या वर्षाअखेरीस मला पुन्हा चाळीस-पन्नास प्रगतिपुस्तके लिहायची आहेत. गैरहजेरी झाली तर गैरहजेरी लिहीन. गृहपाठ नसेल तर तसे लिहीन. मात्र त्याआधी त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन येईन.