सामाईक घड्याळ

जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू लिनक्स बसवायचं ठरवलं, तेव्हा सगळी धास्ती वाटणीची होती. डिस्कचा तुकडा पाडताना मुलीचे लहानपणचे फोटो जातील या भीतीने दोन ठिकाणी बॅकअप घेऊन ठेवला. वाटणी मात्र बिनबोभाट झाली. कुठला भाग कुठून कुठवर, याची नोंद पार्टिशन टेबलात असते, सातबाऱ्यासारखी. ती एकदा नीट झाली की एकमेकांच्या हद्दीत कुणी पाऊल टाकत नाही.

अडलं घड्याळावर. रात्री साडेनऊला उबुंटू बंद करून विंडोज उघडलं, तर कोपऱ्यात दुपारचे चार! वेळ दुरुस्त करून परत उबुंटूत गेलो, तर तिथे पहाटेचे तीन. आधी वाटलं, मदरबोर्डवरचा सेल गेला. पण फरक दरवेळी नेमका साडेपाच तासांचा.

सेलवर चालणारं ते घड्याळ दोघांत एकच. लिनक्स त्यात जागतिक प्रमाणवेळ ठेवतं आणि आपल्याला दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज डॉसच्या काळापासून त्यात स्थानिक वेळ ठेवत आलं आहे. हिशेब दोघांचाही चोख. घरात आणखी कुणी राहत असेल, हे मात्र दोघांनीही धरलेलं नाही.

गावाकडे हेच पाहिलं आहे. जमिनी वाटून होतात, मोजणीचे दगड बसतात, आणि भाऊ भाऊ कोर्टात उभे राहतात ते विहिरीच्या पाळीवरून, नाहीतर वहिवाटीच्या रस्त्यावरून. वाटण्या करताना आपण तुकडे फार बारकाईने मोजतो. जे वाटता येत नाही, त्याबद्दल बोलायचंच राहून जातं. संगणकातही तेच. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर बंद केल्यावरही ते आपला अर्धा पसारा डिस्कवर मांडून ठेवतं, आणि लिनक्सला तो ड्राइव्ह नुसता वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. ती सोय मी बंदच केली.

घड्याळासाठी कुणीतरी एकाने नमतं घ्यायला हवं होतं. मी लिनक्सला घ्यायला लावलं, कारण तिथे काम एका ओळीच्या आज्ञेत होतं. आज्ञा दिल्यावर ते ताकीदही देतं: उन्हाळी वेळ बदलताना घोळ होऊ शकतो. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करत नाहीत. तेव्हापासून दोन्हीकडे एकच वेळ दिसते.