आवाजाची निगा हा धर्माचा भाग आहे का?

डहाणू रोडच्या पूर्वेला आशागड, गंजाड आणि उत्तरेकडे तलासरीपर्यंतच्या वारली पाड्यांत धर्म पोथीत नाही, कंठात आहे. लग्न लावते ती धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. पण धवलेरीने गायल्याशिवाय ना चौक पुरा होतो, ना लग्न. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा भगत घांगळी या तंतुवाद्याच्या साथीने गातो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकापासून ही चित्रे कागदावर आणली. ती देशोदेशी गेली आणि २०११ साली म्हसे यांना पद्मश्री मिळाली. गाण्याचे तसे झाले नाही. ते बव्हंशी गाणाऱ्यांच्या गळ्यातच राहिले. म्हणून इथे धवलेरीचा आवाज बसला तर ती केवळ प्रकृतीची तक्रार उरत नाही. त्यातून एक जुना प्रश्न उभा राहतो: आवाज देवाचा असेल तर माणसाने त्याची काळजी का वाहावी? आणि माणसाचा असेल तर तो राखून वापरण्याची मुभा त्याला आहे का?

पहिले उत्तर श्रद्धेचे आहे. भगताच्या अंगात वारे येते तेव्हा बोलतो तो देव, अशी समजूत आहे. कीर्तनकारही आपल्या वाणीचे श्रेय पांडुरंगाला देतो. या दृष्टीने घशाची चिंता करणे म्हणजे देणाऱ्यावर अविश्वास दाखवणे. या उत्तरात नम्रता आहे, पण ते अर्धेच आहे. बोलणारा देव मानला तरी घसा भगताचाच असतो आणि दुसऱ्या दिवशी बसतो तोही त्याचाच.

दुसरे उत्तर शास्त्राचे आहे. सहा वेदांगांत ‘शिक्षा’ हे उच्चाराचे शास्त्र येते. वाणी कशी उपजते, याचा क्रम पाणिनीय शिक्षेत दिला आहे: आत्मा बुद्धीच्या योगे अर्थ जुळवतो, मनाला बोलण्यासाठी प्रवृत्त करतो, मन देहातल्या अग्नीला चेतवते, अग्नी वायूला हलवतो आणि तो वायू छातीतून वर येत स्वर होतो. सकाळचे पठण छातीच्या खालच्या स्वरात, दुपारचे कंठातून आणि त्यापुढचे मस्तकातल्या उंच स्वरात करावे, असाही नेम तिथे आहे. नारदीय शिक्षा तर शिष्याला मीठ लावलेली त्रिफळा खायला सांगते, कारण ती स्वराला हितकर मानली आहे. म्हणजे ज्यांनी वेद अपौरुषेय मानला, त्यांनीच तो म्हणणाऱ्याच्या घशाला पथ्य लावून दिले. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातही रागांच्या आधी देहाची उत्पत्ती आणि देहातला नाद यांचे विवेचन येते. या परंपरेत नाद पवित्र आहे आणि देह त्याचे स्थान आहे. स्थान राखणे हे उपासनेबाहेरचे काम ठरत नाही.

हिवाळ्यात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. भात घरात आले की तारपा या फुंकवाद्यावरच्या नाचाच्या रात्री, कथा, सप्ताह आणि पुढे लग्नसराई, असा गळ्याच्या कामाचा हंगाम सुरू होतो. नेमकी तेव्हाच रात्रीची हवा गार आणि कोरडी असते. गाणारा घाईने श्वास घेतो तो तोंडाने. मग नाकात हवा ऊबदार आणि ओलसर होण्याचे काम राहून जाते. स्वरतंतू बोलताना पुरुषाच्या गळ्यात सेकंदाला सुमारे शंभर-सव्वाशे वेळा कंपतात, स्त्रीच्या गळ्यात सुमारे दोनशे वेळा. त्यांच्यावरचा पातळ ओलावा सुकला की घर्षण वाढते, सूज येते आणि आवाज घोगरा होतो. शेकोटीचा धूर, तंबाखू आणि दारू यांनी त्यात भर पडते.

उपायांत एक गैरसमज मोठा आहे. प्यालेले पाणी स्वरतंतूंवरून जात नाही. ते अन्ननलिकेत उतरते आणि शरीरात भिनल्यावरच तिथला ओलावा राखते. म्हणून गाण्याच्या ऐनवेळी घटाघट पाणी पिण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे पाणी पिणे बरे. वाफ मात्र श्वासाबरोबर थेट तिथे पोहोचते. ज्येष्ठमधाची काडी चघळल्याने किंवा हळद-दुधाने घशाला आराम वाटतो, पण सुजलेल्या आवाजाला खरे औषध विश्रांतीचे. घसा बसल्यावर कुजबुजणे हे विश्रांतीत धरू नये, कारण जोर लावून कुजबुजतानाही ताण पडतो. नाकाने श्वास, मानेला रुमाल, शेकोटीच्या वाऱ्याची बाजू सोडून बैठक आणि खर्जापासून हळूहळू चढणारा स्वर, एवढे पथ्य बहुतेकांना पुरते. घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

विश्रांतीला धर्मात आधीपासून जागा आहे. मौन हे व्रत आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. सत्य, प्रिय, हितकर आणि कोणाला न दुखावणारे बोलणे हे त्याचे स्वरूप. जे बोलण्याजोगे नाही ते गाळले तर घसाही वाचतो. समूहाची रीतही तीच सोय करते. कीर्तनात टाळकरी अभंगाचे ध्रुपद उचलतात तेवढा वेळ कीर्तनकाराला दम मिळतो. लग्नघरी सोबतच्या बायका ओळ धरतात तेव्हा धवलेरीचा भार हलका होतो. एकाच गळ्यावर सगळा विधी टाकणे ही भक्ती नव्हे.

तेव्हा दोन्ही उत्तरांचा मेळ असा बसतो. आवाज देवाचा मानला तर तो माणसाकडे ठेव म्हणून आलेला आहे आणि ठेव जपणे हे ठेवणाऱ्यावरच्या विश्वासाचेच लक्षण आहे. तो माणसाचा मानला तरी ज्यांचे विधी त्याच्यावर चालतात त्यांचा त्यावर हक्क उरतो, म्हणून तो उधळण्याची मोकळीक नाही. जिथे गाणे लिहिलेले नाही तिथे हे कर्तव्य अधिकच जड आहे. धवलेरीला गरम पाणी, बिनधुराची जागा आणि मधे विसावा देणे हे लग्नघराचे धर्मकृत्यच समजावे.