पेटी केवढी असावी?

माणूस वस्तू जपतो त्यामागे दोन निरनिराळे हेतू असतात. दोहोंना आपण एकाच शब्दाने ओळखत असल्यामुळे त्यांतील भेद सहसा ध्यानात येत नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) हस्तलिखितांचा जो संग्रह वाढवला, तो टिकावा म्हणून जपला गेला. पोथी वाचल्याने संपत नाही. शंभरांनी वाचली तरी ती एकशेएकाव्यासाठी उरते. उलट घरातील लोणच्याची बरणी आपण जपतो ती लोणचे संपावे म्हणूनच. तिच्यात ओला चमचा जाऊ नये, तिच्या तोंडाला दादरा घट्ट बांधलेला असावा, ही सारी काळजी जेवणाऱ्यांच्या पानासाठी असते. पहिल्या जपणुकीचे यश वस्तू उरण्यात आहे, तर दुसरीचे यश ती योग्य वेळी, योग्य अवस्थेत संपण्यात आहे. हा भेद विसरला की जपणुकीचे रूपांतर लोभात केव्हा झाले हे जपणाऱ्यालाही कळत नाही.

या दुसऱ्या प्रकारातील एक टोकाचे उदाहरण आम्ही येथे विचारासाठी घेत आहोत. सिगारचा एखादा लहानसा संग्रह आणि तो ताजा राहावा म्हणून घ्यावयाची बेताच्या किमतीची पेटी, हा तो विषय. तो या पानांत काहींना परका वाटेल, परंतु तितका परका तो नाही. आपल्या भाषेत रुळलेला ‘चिरूट’ हा शब्द मूळ तमिळ आहे, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराच्या दरबारी तंबाखू पोहोचली ती असद बेग या वकिलाने विजापुराहून नेलेली. परदेशी गेलेल्या मुलांनी भेट म्हणून आणलेले दहा-वीस सिगार आज साध्या मध्यमवर्गीय घरांतही येऊन पडतात, आणि मग प्रश्न उभा राहतो की हे ठेवायचे कशात, आणि त्यासाठी खर्च किती करायचा. प्रश्न वरवर बाजारहाटाचा आहे. त्याचे उत्तर शोधताना मात्र आपण नीतीच्या प्रांतात केव्हा शिरलो ते समजत नाही.

प्रथम वस्तूची गरज पाहू. सिगार हे वाळवलेले, आंबवलेले पान असले तरी ते कोरडे पान नव्हे. साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. हवा कोरडी झाली तर बाहेरचे वेष्टनाचे पान तडकते, त्यातील सुगंधी तेले उडून जातात आणि सिगार भराभर व कडक जळतो. ओल वाढली तर बुरशी धरते. तापमान २५ अंशांच्या पुढे जाऊ लागले की पानात दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी उबण्याचा धोका वाढतो, आणि मग बारीक छिद्रे पाडणारा तो तपकिरी किडा संपूर्ण संग्रह पोखरू शकतो. ह्युमिडॉर म्हणून ओळखली जाणारी पेटी म्हणजे परमुलखात गेलेल्या पानासाठी त्याच्या जन्मभूमीच्या हवेचा केलेला बंदोबस्त होय. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला ही कल्पना वेगळी समजावून देण्याचे कारण नाही.

ही पेटी परंपरेने ‘स्पॅनिश सीडर’ नावाच्या लाकडाने आतून मढवलेली असते. हे लाकूड स्पॅनिश नाही आणि सीडरही नाही. ते मध्य व दक्षिण अमेरिकेतील एका झाडाचे असून ते झाड आपल्या तूनच्या आणि कडुनिंबाच्या कुळातले आहे. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालणाऱ्या आपल्या आजीला आणि सुगंधी लाकडात सिगार ठेवणाऱ्या हवानाच्या व्यापाऱ्याला कीड दूर ठेवण्यासाठी एकाच कुळातील झाडांचा आधार घ्यावासा वाटला, ही गोष्ट मौजेची खरी.

मात्र स्वस्तातली लाकडी पेटी बहुधा फसवी ठरते. तिचे झाकण घट्ट बसत नाही. शिवाय तिचे कोरडे लाकूड आधी काही दिवस आत शुद्ध पाणी ठेवून ओलावून घेतले नाही, तर ते सिगारमधलीच ओल पिऊन घेते. याउलट रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा किंवा घट्ट झाकणाची काचेची बरणी तेच काम कितीतरी कमी खर्चात आणि अधिक भरवशाने करते. आत क्षारांचे संपृक्त द्रावण भरलेले, ओल देणारे व शोषणारेही, एखादे छोटे पाकीट आणि एक आर्द्रतामापक ठेवला की झाले. डब्याला वास नसावा, तो उन्हापासून दूर घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात असावा आणि आठ-पंधरा दिवसांनी क्षणभर उघडावा, एवढीच पथ्ये. मापक खरा आहे की नाही हेसुद्धा घरच्या मिठाने कळते. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन ते पाण्याच्या थेंबांनी विरघळू न देता केवळ ओलसर करावे आणि मापकासह बंद पिशवीत एक दिवस ठेवावे. मापकाने ७५ टक्क्यांच्या जवळ आकडा दाखवला पाहिजे. जो फरक दिसेल, तेवढी मापकाची चूक समजावी.

गोव्याच्या आषाढात या डब्याचे काम बाहेरची ओल आत न येऊ देण्याचे असते, तर ग्वाल्हेरच्या वैशाखात आतली ओल बाहेर न जाऊ देण्याचे. दोन्ही कामे तो निमूटपणे करतो. तापमान मात्र त्याच्या हाती नाही. म्हणून सिगार प्रथम पिशवीत बंद करून काही दिवस बर्फाच्या कप्प्यात, मग एक दिवस फ्रीजच्या साध्या कप्प्यात आणि नंतर डब्यात ठेवण्याची रीत आपल्या उष्ण प्रदेशांत उपयोगाची ठरते.

येवढ्यावर व्यवहाराचा प्रश्न सुटतो, आणि खरा प्रश्न येथेच सुरू होतो. जर साधा डबा काम भागवतो, तर चकचकीत लाकडी पेटीला लोक दहापट किंमत का देतात? सौंदर्याची ओढ हे त्याचे एक उत्तर आहे, आणि त्याची चेष्टा करण्याची आमची इच्छा नाही. देवघरातील निरांजन पितळेचेच असावे असे वाटण्यात गैर काही नसते. परंतु जाणकारांकडून नवशिक्याला हटकून मिळणारा एक सल्ला असा, की आज लागते त्याहून मोठी पेटी घ्या, कारण संग्रह वाढणारच आहे. हा सल्ला आम्हांला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. तो अनुभवाच्या दृष्टीने खरा असेल, पण त्याचा अर्थ असा, की पेटी गरजेच्या मापाने घेतली जात नाही, तर पेटीच्या मापाने गरज निर्माण केली जाते. रिकामा कप्पा भरण्याची हाक देत राहतो. पातंजल योगसूत्रांत यमांमध्ये अपरिग्रह सांगितला आहे. आपण त्याचा अर्थ पुष्कळदा ‘वस्तू नसणे’ असा करतो. आम्हांला वाटते, की आपल्या वस्तूंना बसण्यासाठी जागा किती द्यायची हे आधी ठरवणे, हा त्याचा गृहस्थाला पेलणारा अर्थ आहे.

साठवण ही केवळ आवडीची बाब नसते. तिच्यात सत्ता असते, कारण ज्याच्यापाशी साठवण आहे तो थांबू शकतो. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी क्यूबाच्या मालावर बंदी घालण्याच्या आदल्या दिवशी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना क्यूबातील हजारभर सिगार मिळवून आणण्यास सांगितले. सॅलिंजर यांनी पुढे स्वतःच सांगितल्याप्रमाणे, सकाळी १,२०० सिगार जमल्याची वर्दी मिळाल्यावर अध्यक्षांनी बंदीच्या हुकमावर सही केली. ही गोष्ट सहसा गंमत म्हणून सांगितली जाते. पण दार इतरांसाठी बंद करण्यापूर्वी आपली कोठी भरून घेणे ही गंमत नव्हे. टंचाईच्या वार्तेने साखर आणि रॉकेल घरात दडवणाऱ्या माणसाचीही जात तीच असते, फक्त त्याचा अधिकार लहान असतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बेळगाव जिल्ह्यातील निपाणीचा शेतकरी आहे. तेथील तंबाखू सिगारची नव्हे, विडीची. पण पान तेच, आणि ओलीचा हिशेबही तोच. ज्याच्याजवळ पान नीट राखण्याची जागा नाही आणि हातात पैसा नाही, त्याला व्यापारी सांगेल त्या भावाला माल द्यावा लागतो, कारण त्याला थांबता येत नाही. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी आंदोलन केले. त्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. वीस सिगारांसाठी आर्द्रतेचा एकेक टक्का मोजणाऱ्याने हे स्मरणात ठेवावे, अशी आमची अपेक्षा आहे. त्याच्या डब्यातील पानाला जी निगा मिळते, तेवढी निगा घेण्याची ऐपत ते पान पिकवणाऱ्याला अनेकदा नसते. यामुळे डबा फेकून द्यावा असे नाही. मात्र आपल्याला थांबता येते ही आपली कर्तबगारी नसून आपल्या वाट्याला आलेली सवलत आहे, हे कळले तरी पुष्कळ झाले.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप. ज्या वस्तूने माणसाचे अहित होते ती निगुतीने जपण्यात नैतिक मोल ते काय? हा आक्षेप आम्ही टाळणार नाही. सिग्मंड फ्रॉइड यांना १९२३ मध्ये तोंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांच्यावर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, आणि तरीही त्यांना सिगार सोडवला नाही. मनुष्यमनाच्या एवढ्या मोठ्या अभ्यासकाची ही स्थिती, तर इतरांनी ‘आम्ही क्वचितच ओढतो’ असे म्हणताना जपून बोलावे. तंबाखूचे निर्धोक असे प्रमाण नाही, आणि तिचा धूर ओढणाऱ्यापाशीच थांबत नाही. म्हणून निगा हा गुण असला तरी तो वस्तूचा दोष धुऊन काढीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. उत्तम राखलेला सिगारही जळताना घरातील नातवंडाच्या श्वासात जातोच. ज्याला वस्तूची एवढी काळजी घेता येते, त्याला शेजारी बसलेल्या माणसाची काळजी घेता येत नाही हे संभवत नाही. त्याने ती घेतलीच पाहिजे.

मग पेटी केवढी असावी? आमच्या मते तिच्यात आज जेवढे सिगार आहेत तेवढेच मावावेत. ती साधी असावी, घट्ट असावी, कुलपात असावी, आणि तिच्यावर झालेला खर्च आतल्या वस्तूहून अधिक नसावा. ती भरली की घेणे थांबावे. तिच्यातील एकेक वस्तू एखाद्या जुन्या मित्राला द्यावी, किंवा द्यावीशी न वाटली तर तशीच राहू द्यावी, पण ‘उद्यासाठी’ म्हणून नव्याची भर घालू नये. आणि ज्या दिवशी डबा रिकामा होईल, त्या दिवशी तो घासून, उन्हात वाळवून ठेवावा, आणि पुन्हा भरण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे काय, हे स्वतःला विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर जपणूक उत्तम साधली असेच आम्ही म्हणू.